उशाजवळचा गजर आणि घराचा आठवडा

पिंपरी, आकुर्डी, भोसरी आणि चाकण या पट्ट्यात सगळ्या घरांची सकाळ एकाच वेळी उजाडत नाही. एका घरातील सगळ्या माणसांचीही उजाडत नाही. पहिल्या पाळीला जाणारा पहाटे उठतो, त्याचा डबा करणारी त्याच्याही आधी उठते, शाळेची मुले तासाभराने उठतात आणि रात्रपाळी करून आलेला भाऊ मुले घराबाहेर पडताना अंथरुणाला पाठ टेकतो. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढे वाहनांचे आणि यंत्रसामग्रीचे मोठे कारखाने आले, आणि पाळीचे वेळापत्रक येथील कुटुंबांच्या अंगवळणी पडले. शरीराच्या अंगवळणी मात्र ते तितकेसे पडत नाही. अशा घरात उशाजवळचा गजर ही किरकोळ वस्तू राहत नाही. तो नीट लावला तर एकाला उठवतो आणि बाकीच्यांना झोपू देतो. कसाबसा लावला तर सगळ्यांची झोप मोडतो आणि ज्याला उठवायचे तोच कधी कधी झोपून राहतो.

आज बहुतेक घरांत हे काम मोबाईल करतो. गजरासाठी म्हणून तो उशाशी येतो, गजर लावताना दोन निरोप वाचले जातात, एखादे चलच्चित्र पाहिले जाते आणि अर्धा-पाऊण तास निघून जातो. मोबाईलला रात्री बाहेरच्या खोलीत ठेवायचे असेल, तर त्याच्या जागी दुसरे काही तरी हवे. त्यासाठी घड्याळ, गजर आणि रेडिओ एकत्र असलेला साधा संच चांगला उपयोगी पडतो. तो कसा लावावा आणि कसा वापरावा, हे या वेळी पाहू.

प्रथम शरीरातील घड्याळाविषयी थोडेसे. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस या भागात, पेशींचे दोन इवलेसे पुंजके असतात. झोप, जाग, शरीराचे तापमान आणि अनेक संप्रेरके यांचा दैनंदिन क्रम ते सांभाळतात. हा क्रम पेशीच्या आत कसा चालतो, हे फळमाशीवरील प्रयोगांतून दाखवणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या शास्त्रज्ञांना २०१७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाचे हे घड्याळ सरासरीने २४ तासांपेक्षा काही मिनिटांनी मोठे असते आणि दिवसाचा प्रकाश त्याला रोज जागेवर आणतो. म्हणूनच पाळ्या पहिली, दुसरी, तिसरी अशा क्रमाने पुढे सरकल्या तर शरीराला त्या थोड्या सुसह्य होतात; उलट क्रम अधिक जड जातो. गजराला हे घड्याळ बदलता येत नाही. तो केवळ झोप संपवतो, झोप पुरवत नाही.

त्यामुळे गजर लावण्याचा पहिला नियम असा, की आधी झोपण्याची वेळ ठरवावी. प्रौढ माणसाला रात्री किमान ७ तास, शाळकरी मुलांना ९ ते १२ तास आणि किशोरवयीनांना ८ ते १० तास झोप हवी. समजा, कारखान्याची बस सकाळी ६ वाजता नाक्यावर येते आणि तयारीला पाऊण तास लागतो. गजर ५:१५ चा. साडेसात तासांची झोप हवी असेल, तर ९:४५ ला डोळा लागला पाहिजे, म्हणजे साडेनऊला दिवा मालवला पाहिजे. दुसऱ्या पाळीवरून मध्यरात्रीनंतर घरी येणारा दीड वाजता झोपत असेल, तर त्याचा गजर सकाळी ९ चा हवा. घर सहाला जागे होते म्हणून त्यानेही उठावे, हा हिशेब बरोबर नाही. रात्रपाळीहून येऊन साडेआठला झोपणाऱ्याचा गजर दुपारी साडेतीनचा. पाळीचा तक्ता आला, की या वेळा एका कागदावर मांडून तो घड्याळाजवळ चिकटवावा. घरातील प्रत्येकाला तो दिसला, की कुकरची शिट्टी, मिक्सर आणि दूरदर्शनचा आवाज कोणत्या वेळी टाळावा, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता प्रत्यक्ष संच. बहुतेक घड्याळ-रेडिओ बारा तासांची वेळ दाखवतात आणि दुपारनंतरच्या वेळेसाठी कोपऱ्यात एक लहानसा ठिपका लागतो. दिवसा झोपणाऱ्याच्या बाबतीत बहुतेक घोटाळे या ठिपक्यापाशीच होतात. दुपारी साडेतीनचा म्हणून लावलेला गजर पहाटे साडेतीनला वाजतो आणि दुपारी संच गप्प राहतो. चालू वेळ लावताना आणि गजराची वेळ लावताना, दोन्ही वेळी ठिपका तपासावा. संचात २४ तासांची सोय असेल, तर रेल्वेच्या वेळापत्रकासारखी तीच वापरावी. १५:३० चा दुसरा अर्थ निघत नाही. दोन गजरांची सोय असेल, तर एक डबा करणारीचा आणि दुसरा पाळीला जाणाऱ्याचा, असे कायमचे ठरवून टाकावे.

काही नव्या संचांत ‘सोमवार ते शुक्रवार’ असा गजर लावता येतो. आपल्या पट्ट्यात हा पर्याय फसवा आहे, कारण येथील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. संच गुरुवारी उगाच उठवील आणि शनिवार-रविवारी, कामाचे दिवस असताना, मौन पाळील. रोजचा गजर लावून बुधवारी रात्री तो हाताने पुढे करावा आणि गुरुवारी रात्री पुन्हा जागेवर आणावा, हे उत्तम. ‘पुढे करावा’ असे मुद्दाम म्हटले आहे. सुट्टीच्या दिवशी तास-दीड तास अधिक झोपल्याने बिघडत नाही. परंतु दुपारपर्यंत झोपले, की गुरुवारी रात्री डोळा लागत नाही आणि शुक्रवारची पहाट जड जाते.

गुरुवारचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. देखभालीच्या कामासाठी वीज बंद ठेवण्याचा दिवसही येथे प्रायः गुरुवारच असतो. वीज परत आली, की भिंतीतील विजेवर चालणारा संच १२:०० असे आकडे उघडझाप करत बसतो. त्याची वेळ गेलेली असते आणि गजरही कधी कधी पुसला गेलेला असतो. यासाठी संचाच्या तळाशी सेल ठेवण्याची जागा असते. कोठे चौकोनी ९ व्होल्टचा, कोठे चपटा गोल. तो सेल बसवावा, वर्षातून एकदा बदलावा आणि नवा बसवल्यावर पाच मिनिटे पिन काढून वेळ टिकते का, हे पाहावे. सेलवर चालताना अनेक संचांचे आकडे दिसत नाहीत, रेडिओ लागत नाही आणि साधा गजर तेवढा वाजतो. तो बिघाड नव्हे. मात्र वीज बराच वेळ गेली, तर काही संच मिनिटे मागे-पुढे करतात. म्हणून गुरुवारी रात्री घड्याळावर एक दृष्टी टाकण्याची सवय लावून घ्यावी.

परदेशातील नातलगांनी आणलेला संच लावण्यापूर्वी त्याच्या तळाची पट्टी वाचावी. अमेरिकेतील वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्‌झची असते, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झची. रूपांतरकाने व्होल्ट कमी होतात, हर्ट्‌झ तेच राहतात. विजेच्या ठेक्यावर चालणारे तेथील घड्याळ येथे दर तासाला १० मिनिटे मागे पडते, म्हणजे आठ तासांच्या झोपेत १ तास २० मिनिटे. असा संच शोभेला ठेवावा, गजराला नको.

केंद्र निवडताना चवीइतकाच वेळेचाही विचार करावा. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले; सकाळच्या प्रादेशिक बातम्यांवर कामाला निघण्याची वेळ ओळखणारी पिढी आजही आपल्या घरांत आहे. विविध भारती पुण्यात १०१ मेगाहर्ट्‌झवर ऐकू येते. ज्या वेळी उठायचे, त्या वेळी निवडलेल्या केंद्राचे प्रसारण चालू असते का, हे आदल्या दिवशी त्याच वेळी लावून पाहावे. केंद्र बंद असेल तर नुसती खरखर ऐकू येते आणि गाढ झोपेतील माणूस तिने उठत नाही. शंका असल्यास रेडिओऐवजी साधा गजर निवडावा. एफएमसाठी मागे असलेली बारीक तार गुंडाळी सोडून भिंतीलगत ताणावी. मध्यम लहरींसाठी संचच थोडा फिरवून पाहावा आणि मोबाईलचा चार्जर व एलईडी दिवा त्याच्यापासून दूर ठेवावा.

आवाजाची गंमत अशी, की अनेक संचांत रात्री ऐकताना ठेवलेला आवाज आणि सकाळी गजराच्या वेळी येणारा आवाज एकच असतो. रात्री हळू आवाजात गाणी ऐकून झोपलेल्याला सकाळी तोच हळू आवाज उठवू पाहतो. म्हणून झोपण्यापूर्वी आवाज योग्य जागी आणावा. दचकून उठवणारा कर्कश आवाज मात्र आवश्यक नाही. ऑस्ट्रेलियातील आर.एम.आय.टी. विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या ५० जणांच्या पाहणीत, मधुर चालीच्या गजराने उठणाऱ्यांना सकाळची गुंगी कमी जाणवल्याचे दिसले. पाहणी लहान आहे, तरी घरी करून पाहण्यास हरकत नाही. वृद्धांना वयोमानानुसार उंच पट्टीचे, चिरके आवाज कमी ऐकू येतात. त्यांच्यासाठी रेडिओवरील जाडसर मानवी आवाज अधिक उपयोगी ठरतो.

संच हाताच्या अंतरापेक्षा थोडा दूर ठेवावा, म्हणजे बंद करण्यासाठी उठून बसावे लागते. त्याचे तोंड भिंतीकडे वळवावे. रात्री जाग आल्यावर ‘आता तीन वाजले, दोनच तास उरले’ असा हिशेब सुरू झाला, की उरलेली झोपही उडते. डोळ्याच्या पडद्यातील काही पेशी निळसर प्रकाशाला विशेष संवेदनशील असतात आणि त्यांच्यामार्फत रात्रीचे मेलाटोनिन हे संप्रेरक दबते. म्हणून निळ्या-पांढऱ्या झगझगीत आकड्यांपेक्षा मंद तांबडे आकडे चांगले. मंद करण्याचा खटका असेल तर तो शेवटच्या पायरीवर ठेवावा. झोपताना रेडिओ ऐकायचा असेल, तर आपोआप बंद होण्याची वेळ ३० मिनिटांची लावावी आणि वादविवादापेक्षा संथ गाणी निवडावीत.

संचावरील सर्वांत मोठे बटण बहुधा स्नूझचे असते. ते दाबले, की गजर थांबतो आणि बहुतेक संचांत ९ मिनिटांनी पुन्हा वाजतो. एकदा दाबणे ठीक. रोज तीन-चार वेळा दाबावे लागत असेल, तर ती अर्धा तास तुटक झोप होते आणि शेजारी झोपलेल्याचीही झोप मोडते. त्यापेक्षा गजरच अर्ध्या तासाने पुढे न्यावा आणि सलग झोपावे.

जाग आली म्हणजे मेंदू पूर्ण जागा झाला, असे होत नाही. पहिली १५ ते ३० मिनिटे निर्णय मंद असतात आणि झोप अपुरी असेल तर हा काळ आणखी लांबतो. नाशिक महामार्गावरून पहाटेच्या अंधारात दुचाकीने चाकणला जाणाऱ्याने गजर आणि गाडीची किल्ली यांच्यात किमान अर्धा तास ठेवावा. तोंड धुणे, दिवे लावणे आणि चहा यांसाठी तो वेळ सत्कारणी लागतो. रात्रपाळी संपवून परतताना डोळ्यांवर झापड येत असेल, तर गाडी न चालवता कारखान्याच्या बसने यावे, किंवा निघण्यापूर्वी वीस मिनिटे डुलकी काढावी. झोपण्याच्या सहा तास आधीपासून चहा-कॉफी टाळावी. दिवसा झोपताना जाड पडदे लावावेत.

कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २००७ साली, आणि फेरविचारानंतर २०१९ सालीही, रात्रपाळीच्या कामाची गणना संभाव्य कर्करोगकारक गोष्टींत केली आहे. यात घाबरून जाण्यासारखे नाही. झोपेला औषधपाण्याइतके महत्त्व द्यावे, एवढाच त्याचा घरगुती अर्थ. मधुमेह, रक्तदाब किंवा फिट्सची औषधे घेणाऱ्यांनी पाळी बदलताना औषधांच्या वेळा आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात आणि त्या वेळांसाठी दुसरा गजर वापरावा.

पुरेसे तास झोपूनही गजर ऐकू येत नसेल, दिवसा बसल्या जागी डोळा लागत असेल, मोठ्याने घोरताना श्वास मध्येच थांबत असल्याचे घरच्यांनी पाहिले असेल, तर अधिक मोठ्या आवाजाचे घड्याळ विकत घेऊ नये. डॉक्टरांकडे जावे. तो गजराचा दोष नसतो, झोपेचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

पुढचा पाळीचा तक्ता हाती येईल, तेव्हा प्रथम त्यावर दिवा मालवण्याच्या वेळा लिहाव्यात. गजराच्या वेळा त्यानंतर लिहाव्यात.