आधी हिशेब, मग समेट

भावंडांच्या इस्टेटीच्या भांडणात संघटनेने समेट घडवावा, कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्यातल्याच अनेकजणी सांगतात. समेटाला माझा विरोध नाही. दिवाणी दावा वर्षानुवर्षं चालतो, वकिलाच्या फीपायी बाईचे दागिने मोडतात, हे मीही पाहिलं आहे. माझा प्रश्न एवढाच, की समेट म्हणजे दर वेळी बहिणीचीच सही का?

वडील गेले की दिवस उरकतात न उरकतात तोच हक्कसोडपत्र पुढे येतं. "ताई, तुझं सगळं चांगलं चाललंय. माहेर तोडू नकोस." ती सही करते आणि गाव म्हणतं, या घरात भांडण झालंच नाही. भांडण झालेलं असतं. ते तिने एकटीने गिळलेलं असतं. आणि सहीवर टिकणारं माहेर सहीनंतर किती टिकतं, हे परित्यक्ता बहिणींना विचारा.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मृत्युपत्र न करता गेलेल्या बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना जन्मतः हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळलं. ती अट २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने गेली. ९ सप्टेंबर २००५ ला बाप हयात नसला तरी मुलीचा हक्क बुडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली विनीता शर्मा खटल्यात सांगितलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकलता येत नाहीत.

हक्क आला, कारभार कुठे आला? सातबाऱ्यावर थोरला 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, बहिणींची नावं 'इतर हक्कां'त, नाहीतर कुठेच नाहीत. उसाचं बिल त्याच्या खात्यावर, घरभाडं त्याच्या खिशात, बँकेत नॉमिनीही तोच. फेरफाराने मालकी ठरत नाही, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. बहिणीपर्यंत ते पोचवायचं काम आपलं.

म्हणून बैठकीला बसण्याआधी आपण तीन गोष्टी मागाव्यात. एक, आईसकट सर्व वारसांची नावं कब्जेदार म्हणून लागावीत. डावललं तर तलाठ्याकडे मुदतीत लेखी हरकत द्यावी. दोन, वडील गेल्यापासूनचं उत्पन्न, कर्ज, दवाखान्याचा खर्च यांचा लेखी हिशेब व्हावा. म्हाताऱ्यांचं दुखणं-खुपणं काढणाऱ्या भावजयीचे कष्टही त्यात मांडावेत. नणंद-भावजयींना झुंजवून भावाने नामानिराळं राहायचं, हा जुना डाव आहे. तीन, सही सगळ्यात शेवटी. बहिणीला वाटा सोडायचाच असेल तर तिने वेगळ्या वकिलाशी बोलून, थांबून, विचार करून सोडावा. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मागाहून रद्द करून घेणं फार कठीण जातं.

मैत्रिणींनो, हिशेब द्यायला नकार देणाऱ्या घरात समेट होत नाही, शरणागती होते. अशा कागदावर साक्षीदार म्हणून आपल्या संघटनेच्या एकाही कार्यकर्तीची सही असता कामा नये.