आधी मोरी, मग दार

पुराचे पाणी उंबरठा ओलांडून घरात येते, अशी सर्वांची समजूत असते. तळमजल्यावर राहणाऱ्यांचा अनुभव बहुधा वेगळा असतो. मोरीच्या जाळीतून आधी गुडगुड आवाज येतो, मग काळे पाणी वर येते, मग कमोड भरतो. अंगणातले पाणी पायरीला लागते तेव्हा आतल्या खोलीतली सतरंजी भिजून गेलेली असते. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे शेकडो घरांत हाच क्रम घडला. महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस नुकताच सरला होता, विसर्जन व्हायचे होते. रात्री दोनच्या सुमारास पावसाने जोर धरला आणि उजाडेपर्यंत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीने अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या वस्त्यांपासून सीताबर्डीपर्यंतचा भाग पाण्यात घातला. मोरभवनच्या बसस्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. सुमारे दहा हजार घरांना फटका बसल्याचे सरकारी पातळीवर सांगितले गेले. बचावासाठी लष्करालाही पाचारण करावे लागले.

अशा पुराबद्दल काही समजुती शहरात रूढ आहेत. त्यांत थोडेबहुत तथ्य आहे, पण घर वाचवण्याच्या कामी त्या आड येतात.

पहिली समजूत जुनी आहे: नागपूरला पूर येत नाही. समुद्र शेकडो कोस दूर, कृष्णा-गोदावरीसारखी नदी गावातून वाहत नाही, इथला शत्रू म्हणजे मे महिन्याचे ऊन. शहरापुरते हे ऐकायला बरे वाटते. पण याच जिल्ह्यातल्या नरखेड तालुक्यात मोवाड हे गाव आहे. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदी त्या गावात शिरली आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. शहराची घडणही पाण्याच्या वाटांवरच झालेली आहे. गोंड राजा बख्त बुलंद शाहने अठराव्या शतकाच्या आरंभी वसवलेले हे गाव नाग नदीच्या काठचे. अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव, सक्करदरा, गांधीसागर, नाईक तलाव हे सारे तलाव उतारावरचे पाणी अडवूनच झाले. ज्या गावात एवढे तलाव बांधावे लागले तिथे पाणी वाहत येते, हे उघड आहे. तलावांमधल्या वाटांवर पुढे प्लॉट पडले, एवढाच फरक.

दुसरी समजूत अधिकृत भाषेत सांगितली जाते म्हणून अधिक वजनदार वाटते: पाऊसच तसा झाला. ढगफुटी, अभूतपूर्व, निसर्गापुढे कोणाचे काय चालणार. हे तपासायला फार लांब जावे लागत नाही. ६ जुलै २०१८ ला याच नागपुरात दिवसभरात, अवघ्या नऊ तासांत, सुमारे २६५ मिमी पाऊस झाला होता. म्हणजे २०२३ च्या दुपटीहून जास्त. तेव्हाही शहर तुंबले, पण अंबाझरीच्या पायथ्याशी असा लोंढा आला नव्हता. या दोन पावसांतला फरक आकाशात कमी आणि जमिनीवर जास्त आहे. सप्टेंबर अखेर तलाव काठोकाठ भरलेला होता, पाऊस थोड्या तासांत एकवटला होता, आणि सांडव्यापुढची पाण्याची वाट अरुंद झालेली होती. सांडव्यासमोरचे विवेकानंद स्मारक आणि नदीकाठची इतर बांधकामे यांवरून नागरिक मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले, ते याच मुद्द्यावर. चोवीस तासांत किती मिलिमीटर, हा आकडा वर्तमानपत्राला पुरतो. घराला प्रश्न असतो तो तासाला किती पडला आणि पडलेले पाणी जायला वाट किती रुंद आहे, हा.

पूर म्हणजे नाल्याकाठच्या झोपडपट्टीचा त्रास, हा समज तर त्या एका पहाटेने निकालात काढला. पाणी शिरले ते मंजूर नकाशांच्या, कुंपणभिंतींच्या, फाटकाशी मोटार उभी असलेल्या घरांत.

राहिल्या दोन समजुती. त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत आणि म्हणून एकमेकींना पोसतात. एक म्हणते, हे सारे महापालिकेचे काम. नाली साफ करणे, गडर लाइन मोठी करणे, सांडवा मोकळा ठेवणे हे घरमालकाच्या हातात नाही, हे खरेच. त्याबद्दल महापालिकेला आणि पाटबंधारे खात्याला जाब विचारलाच पाहिजे. पण जाब विचारल्याने रात्री दोन वाजता मोरीतून येणारे पाणी थांबत नाही. दुसरी समजूत म्हणते, ज्याने त्याने आपले घर उंच करावे. मुरूम टाकून अंगण वर घ्यायचे, वर फरशी ठोकायची, फाटकाशी सिमेंटचा उंचवटा करायचा. असे केले की पाणी शेजाऱ्याकडे जाते. पुढच्या वर्षी शेजारी आपले अंगण वर घेतो. गल्लीतल्या शेवटच्या म्हाताऱ्या जोडप्याला ते परवडत नाही आणि साऱ्या गल्लीचे पाणी त्यांच्या न्हाणीत जमते.

या शर्यतीत रस्ताही उतरला आहे. राष्ट्रीय इमारत संहिता सांगते की घराचे जोते भोवतालच्या जमिनीपासून किमान ४५ सेंमी उंच हवे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या लेआउटमधली घरे साधारण तेवढ्याच उंचीची. नंतर समोरच्या डांबरी रस्त्यावर सिमेंटचा रस्ता आला. त्याचा थर २० ते ३० सेंमी धरला आणि जुना रस्ता न खोदता तो वर चढवला, तर दीड फुटाच्या जोत्यातले सहा ते दहा इंचच उरतात. घर जागचे हलले नाही, तरी बुटके झाले. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांना रस्त्यापासून दोन-तीन पायऱ्या चढाव्या लागतात. ती उंची थाटासाठी ठेवली असेल असे नव्या बांधणाऱ्यांना वाटले असावे. नवा रस्ता जुना थर खोदून काढल्याशिवाय करू देऊ नये, ही मागणी गल्लीने काम सुरू होण्याआधी लेखी करायची असते. काँक्रीट ओतल्यावर ती ऐकायला कोणी नसते.

मग घराने करायचे काय? आधी पाणी मोजायचे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर शंभर मिमी पाऊस झाला की नऊ हजार तीनशे लिटर पाणी होते. पाचशे लिटरच्या अठरा-एकोणीस टाक्या. हे पाणी पाइपातून अंगणात आणि अंगणातून गडरच्या चेंबरमध्ये सोडलेले असले, तर घर स्वतःच आपल्या मोरीत पूर आणते. शौचालयाची गडर लाइन सांडपाण्यासाठी असते, पावसासाठी नव्हे. गच्चीचा पाइप तिच्यातून काढून विहिरीकडे, शोषखड्ड्याकडे किंवा निदान रस्त्याकडेच्या नालीकडे वळवणे हे पहिले काम. विहीर असेल तर गाळणीशिवाय पाणी सोडू नये. काळ्या मातीच्या भागात शोषखड्डा माती ओलांडून खाली मुरमापर्यंत न्यावा लागतो, नाहीतर तो नुसता डबके बनतो. ही माती ओली झाली की फुगते आणि पाणी जिरू देत नाही.

दुसरे काम मोरीचे. रस्त्यावरच्या चेंबरचे झाकण घरातल्या फरशीपेक्षा उंच असेल, तर गडर भरल्यावर पाणी झाकणातून बाहेर पडण्याआधी घरातल्या सर्वांत खालच्या तोंडातून बाहेर येते. ते तोंड म्हणजे न्हाणीची जाळी किंवा तळमजल्याचा कमोड. यावर उपाय जुना आहे: घराच्या शेवटच्या चेंबरमध्ये एकदिशा झडप, म्हणजे नळकारागीर ज्याला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणतात ती. पाणी बाहेर जाताना तिचे पाते उघडते, उलटे येताना मिटते. पात्यावर केस, कापड, प्लास्टिक अडकले की झडप मिटत नाही. म्हणून मृगापूर्वी झाकण उघडून ती धुवावी. झडप मिटलेली असताना घरातला नळ आणि फ्लश वापरायचा नाही, नाहीतर आपलेच पाणी आपल्या घरात साचते. झडप नसेल तर मजबूत प्लास्टिक पिशवीत रेती भरून ती जाळीवर आणि कमोडच्या तोंडात दाबून बसवायची. दारासमोर पोत्यांचा बांध घालून मोरी उघडी ठेवणारी घरे दर पावसाळ्यात दिसतात.

दार त्यानंतर. पोती रचताना मागे प्लास्टिकचा कागद हवा आणि पोती अर्धी-पाऊणच भरलेली हवीत. गच्च भरलेल्या पोत्यांत फटी राहतात. अडवायचे तेही साधारण दोन फुटांपर्यंतच. तीन फूट रुंदीच्या दारावर एक फूट पाण्याचा रेटा सुमारे चाळीस किलो असतो, दोन फुटांचा एकशे साठ. उंची दुप्पट, रेटा चौपट. बाहेर उघडणारे दार अशा वेळी ढकलले जात नाही आणि आत उघडणारे कडी काढताच अंगावर येते. चार इंची कुंपणभिंत तर या रेट्यापुढे उभी राहतच नाही. पाणी याहून चढू लागले की घर अडवणे सोडून माणसे वर न्यायची. २०२३ च्या पुरात दगावलेल्यांमध्ये पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली एक स्त्री होती. तळमजल्यावर झोपणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला कोण उचलणार, कोणत्या जिन्याने, कोणाच्या घरी, हे पावसाळ्याआधी शेजाऱ्यांशी बोलून ठरवण्याची गोष्ट आहे. खाटेवर झोपलेल्या माणसाला पाण्याचा आवाज आला तर येतो.

विजेचे काम सोपे आहे आणि चुकते तेच सर्वाधिक. पाणी उंबरठ्याशी येताच, पाय कोरडे असताना, मेन स्विच बंद करावा. बोर्डाला पाणी लागल्यावर आणि पाय पाण्यात असताना त्याला हात लावू नये. महावितरणला कळवून बाहेरूनच पुरवठा तोडून घ्यावा. जिन्याखालचा इन्व्हर्टर विसरला जातो. मेन बंद केला तरी तो घराला वीज देतच राहतो. २०१८ च्या त्या पावसात विधानभवनाच्या वीज कक्षात पाणी शिरले, दिवे गेले आणि अधिवेशनाचे कामकाज थांबले. राज्याच्या विधिमंडळाची गत अशी, तर पार्किंगच्या तळाशी मीटर बसवलेल्या अपार्टमेंटने वेगळे काय अपेक्षावे? गॅसचा रेग्युलेटर काढून ठेवावा. भरलेला सिलिंडरही पाण्यावर तरंगतो आणि नळी ओढून तोडतो. फ्रीजही तरंगतो, आडवा होतो. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करावी. कागदपत्रे, औषधे, पंधरा दिवसांचा शिधा दिवाणाच्या पेटीत नव्हे, सज्ज्यावर.

पाणी ओसरल्यावर घाई दोन ठिकाणी महागात पडते. बुडालेली मोटार सुरू करून पाहिली की इंजिनात शिरलेले पाणी दबत नाही, आतले दांडे वाकतात, आणि असे नुकसान साध्या विम्यात बहुधा धरले जात नाही. गाडी ओढून न्यावी. तसेच ओल्या भिंतीला लगेच रंग देऊ नये. विटांतली ओल महिनोन्‌महिने निघत राहते आणि तेलरंगाखाली अडकून पापुद्रे काढते. जमिनीखालची टाकी उपसून, घासून मगच भरावी. भरल्यावर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर विरघळवून टाकावी आणि तासाभराने पाणी वापरावे. गाळ उपसताना पायात बूट हवेत, जखम असेल तर कोणाही डॉक्टरला उंदरांच्या तापाची शंका बोलून दाखवावी.

गाळ काढण्याआधी फोटो काढावेत, पंचनाम्याच्या वेळी ते कामी येतात. २०२३ ला सरकारने घरटी दहा हजार रुपये जाहीर केले. एक फ्रीज आणि एक गादी यात ते संपतात. विमा हा नागपूरकरांनी मोटारीपुरता ठेवलेला विषय आहे. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक नमुन्याची पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात पूर आणि पाणी तुंबणे हे वेगळे न मागता येते, आणि घराचा विमा काढला की सामानालाही इमारतीच्या रकमेच्या वीस टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते.

आणि भिंतीवर गाळाची जी रेघ उमटते ती रंगवून पुसण्याआधी तिची उंची फरशीपासून मोजून कुठेतरी लिहून ठेवावी. नवा प्लग, नवा बोर्ड, इन्व्हर्टरची फळी बसवायला वीजमिस्त्री येईल, तेव्हा त्याला त्या मापाच्या एक फूट वर काम करायला सांगावे.