पिल्लाच्या पोटातली पेरणी

पेरणी लांबली तर रान काही रिकामे राहत नाही, त्यात तण माजते, हे तुम्हाला सांगायला नको. कोंबडीच्या पिल्लाचे आतडे हेही असेच एक रान आहे.

गावठी कोंबडीचे पिल्लू आईमागे उकिरडा उकरते आणि आईच्या पोटातले उपयोगी जंतू पहिल्या दिवसापासून टिपते. उबवण यंत्रातल्या पिल्लाला आई कुठून भेटणार? ते जवळजवळ मोकळे पोट घेऊनच शेडमध्ये येते. पाणी घाण असले, तूस ओले असले की साल्मोनेलासारखे रोगजंतू तिथे आधी मुक्काम ठोकतात.

१९७१ साली फिनलंडमध्ये ब्रॉयलर कोंबड्यांत साल्मोनेलाची साथ आली होती. नुर्मी आणि रांताला या दोघा शास्त्रज्ञांनी निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातले द्रव्य पातळ करून नवजात पिल्लांना पाजले. त्या पिल्लांत रोगजंतूंना थारा मिळाला नाही. हे काम १९७३ साली प्रसिद्ध झाले. चांगल्या जंतूंनी जागा धरली की वाईटांना ना जागा उरते, ना खाणे. आज ‘प्रोबायोटिक’ म्हणून जी पाकिटे मिळतात, त्यांच्यामागचे एक मोठे तत्त्व हेच.

आपल्याकडे मात्र पिल्ले उतरली की पाण्यात अँटिबायोटिक टाकायची सवय पडली आहे. रोग असो वा नसो! हे औषध तणासोबत पीकही जाळते. शिवाय त्याला न जुमानणारे जंतू तयार होतात आणि मांसातून, कोंबडखतातून शेतात, विहिरीत, घरात येतात. कोलिस्टिन हे औषध माणसाला बाकीची औषधे लागू पडेनाशी झाली की शेवटी वापरतात. तेच कोंबड्यांच्या खाद्यात जात होते. म्हणून जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने खाद्यासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत व कोंबड्यांत त्यावर बंदी घातली. वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणे युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून बंद केले. उद्या आपलेच लेकरू दवाखान्यात असेल आणि डॉक्टरांच्या हातात चालणारे औषध नसेल, तर शेडमधल्या चार पैशांच्या नफ्याचे काय करायचे?

पण बंधूंनो, पाकीट म्हणजे जादू नव्हे. काही प्रयोगांत फायदा दिसला, काहींत फरक पडला नाही. आजारी कळपाला ते औषध म्हणून पुरे पडत नाही. मरतूक वाढली तर मेलेले पक्षी घेऊन पशुवैद्यकाकडे जा, तपासणी करा, आणि त्यांनी अँटिबायोटिक दिले तर पूर्ण मात्रा द्या. त्यानंतर ठरावीक दिवस जाईपर्यंत पक्षी विकू नका. प्रोबायोटिकचे काम पेरणीचे. ते पहिल्या दिवसांत, किंवा औषधाचा कोर्स संपल्यावर द्यावे.

हे जंतू जिवंत असतात, एवढे ध्यानात ठेवा. पाकिटावर जंतूचे नाव, संख्या आणि मुदत बघा. पाकीट उन्हात ठेवू नका. ब्लीचिंग पावडर टाकलेल्या पाण्यात ते मिसळाल तर पैसे पाण्यात गेलेच म्हणून समजा. ओले तूस, कमी ऊब आणि गर्दी असेल तर कोणतेच पाकीट कामाला येणार नाही.

करारावर पक्षी पाळणाऱ्यांनी सुपरवायझरने दिलेल्या बाटलीवर काय लिहिले आहे ते वाचावे. समजले नाही तर विचारावे. पिल्ले कंपनीची असली तरी शेड, विहीर आणि घर आपले आहे.

ऐकून विश्वास ठेवू नका, करून बघा. शेडचे दोन भाग करा, एकात द्या, दुसऱ्यात देऊ नका. खाद्य, वजन, मरतूक वहीत लिहा. तीन-चार बॅचनंतर वहीच सांगेल काय ते.