आमच्यामागे याचे कोण?

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हसनाबादसारख्या गावात ज्या घरी बौद्धिक दिव्यांगत्व असलेले अपत्य वाढते, त्या घरातील आईबापांना एकच चिंता अहोरात्र जाळीत असते : आमच्यामागे याचे कोण? अपत्य लहान असते तोवर प्रश्न शाळेचा असतो. ते तिशी ओलांडते, आईबाप थकतात, आणि मग तोच प्रश्न निवाऱ्याचा व माणुसकीचा होऊन बसतो. २०११ च्या जनगणनेत अशा व्यक्ती देशात सुमारे १५ लाख भरल्या. तेव्हा ही काही दुर्दैवी कुटुंबांची खाजगी बाब आहे, असे कोणी म्हणू नये.

यावर शहरातील सुशिक्षितांचे उत्तर ठरलेले असते : संस्था काढाव्यात. संस्थांचे ऋण आम्ही नाकारीत नाही. मुंबईत १९४४ मध्ये जय वकील शाळा निघाली नसती, तर ही मुले शिकू शकतात हेच पुष्कळांना पटले नसते. अमरावती जिल्ह्यात वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी अनाथ दिव्यांगांना आपले नाव दिले आणि अठराव्या वर्षी त्यांना बालगृहाबाहेर काढणाऱ्या नियमाविरुद्ध आवाज उठविला. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु ज्याला घर आहे, ओटा आहे, हाक मारणारे शेजारी आहेत, त्याला दूरच्या वसतिगृहात पोहोचवून आपण काय साधतो? त्याचा गावच आपण काढून घेतो.

कायदा तर आपल्या पुढे गेला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे पाचवे कलम समाजात राहण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत देते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे पालक नेमण्याचा अधिकार सोपविला आहे. पण हसनाबादच्या शेतमजुराने हे कलम वाचून, मजुरी बुडवून जालन्यास खेटे घालावेत, ही अपेक्षा न्यायाची नव्हे. समितीनेच तालुक्याच्या ठिकाणी बैठक घ्यावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चावयाचे असतात. ही रक्कम वाटून मोकळे होण्याऐवजी काही गावांनी मिळून प्रौढांसाठी एक दिवसाचे केंद्र चालवावे : तेथे झेपेल ते काम असावे, सोबत असावी, आणि आईला काही तास उसंत मिळावी. मुळशी तालुक्यातील कोळवण खोऱ्यात साधना व्हिलेजमध्ये अशी प्रौढ माणसे घरासारख्या लहान गटांत राहतात आणि कामाला हात लावतात. जे तेथे शक्य झाले, ते मराठवाड्यात अशक्य का असावे?

आणि दोष एकट्या खेड्याचा नाही. अशा तरुणाला जिन्यात पाहून आपल्या मुलांना घरात ओढून घेणारे सुशिक्षित शेजारी शहरातच राहतात. हसनाबादच्या मातेला तिच्या प्रश्नाचे उत्तर शासनाने द्यावयाचे आहेच. परंतु त्या उत्तरातील निम्मा वाटा शेजाऱ्यांचा आहे, आणि शेजारी आपण सर्वच आहोत.