कानाला सवय होत नाही

गळ्यात ताशा अडकवून पहिल्यांदा सरावाला उभा राहिलो, त्या रात्री झोपताना कानात शिट्टी वाजत होती. दुसऱ्या दिवशी पथकातल्या जुन्या दादाला सांगितलं. तो हसून म्हणाला, "होईल रे सवय." आठवड्याभरात शिट्टी खरंच जाणवेनाशी झाली. त्यानंतर मी सहा गणपती वाजवले. त्या सवयीचा आलेख आज माझ्या फायलीत आहे. श्रवणचाचणीतली रेघ 4000 हर्ट्झपाशी दरीत पडावी तशी खाली गेली आहे.

म्हणून माझं भांडण आधी त्या एका शब्दाशी आहे. कानाला सवय होत नाही. तो मरतो, आणि त्या मरणाला आपण सवय म्हणतो.

शाळेत आपण हातोडी, ऐरण, रिकीब पाठ केलं, मार्क मिळवले आणि विसरलो. ही तीन हाडं पडद्यावरचा कंप आतल्या द्रवापर्यंत नेतात आणि त्याचा दाब सुमारे वीसपट वाढवतात. म्हणजे कानाची रचना कुजबुज पकडण्यासाठी आहे. आत गोगलगाईच्या शंखासारखी सुमारे अडीच वेटोळ्यांची नळी असते. तिच्यात जेमतेम पंधरा-सोळा हजार केशपेशी. एवढ्याच भांडवलावर जन्मभर ऐकायचं. पक्ष्यांमध्ये या पेशी पुन्हा उगवतात, माणसात नाही.

कानाला पापणी नाही. मोठा आवाज आला की एक चिमुकला स्नायू रिकीब ओढून धरतो, एवढाच काय तो बचाव. पण त्याला क्षणभर उशीर होतो आणि तो मुख्यतः खालच्या पट्टीचे आवाज अडवतो. ताशाची तडतड त्याच्या आधीच आत पोचलेली असते.

"दुसऱ्या दिवशी ठीक होतं की!" हा नेहमीचा युक्तिवाद. 2009 साली कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात दिसलं, की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, केशपेशीही शाबूत राहिल्या. पण त्यांना मेंदूशी जोडणारे मज्जातंतूंचे सांधे कायमचे गेले. वरून ठीक, आतून तुटलेलं.

आता हिशेब. कामगारांसाठीचा एक प्रचलित निकष 85 डेसिबलला आठ तास देतो. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. 100 डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. पथकात उभं राहिल्यावर आवाज सहज शंभरी ओलांडतो आणि आमचा सराव रोज दोन-तीन तास चालायचा. आपला 2000 सालचा ध्वनिप्रदूषण नियम निवासी भागात रात्री 45 डेसिबलची मर्यादा घालतो, आणि वर्षातले 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत लाउडस्पीकरला सूट देण्याची मुभा राज्याला देतो. त्या पंधरा दिवसांची सूट केशपेशींना कळवायची कुणी?

इथे माझेच मित्र चिडतात. डीजेच्या भिंती वाईट, ढोल-ताशा ही आपली परंपरा, असं ते म्हणतात. भिंती वाईटच आहेत. पण कान संस्कृती ओळखत नाही, दाब ओळखतो. आणि भिंत निदान समोरच्याच्या कानावर असते. ताशा वाजवणाऱ्याच्या स्वतःच्या पोटाशी असतो. सतरा-अठराच्या पोरापोरींना आपण हौसेने उभं करतो, त्यांच्या फेट्यांचे फोटो काढतो, कानांचं नावही काढत नाही.

नुकसान काय झालं? मला आवाज येतो, शब्द येत नाही. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. स, श ही वरच्या पट्टीतली अक्षरं गळतात. 'सात' म्हटलं की 'हात' ऐकू येतं. माझी चार वर्षांची भाची कानात गुपित सांगते आणि मी न कळताच हसतो. तिला ते समजायला लागलं आहे.

उत्सव बंद करा, असं मी म्हणत नाही. सरावाच्या पहिल्या दिवशी टिपरू हातात देताना कानात घालायचे बोळे द्या, आणि ते न घालणाऱ्याला रांगेत उभं करू नका. कापूस चालणार नाही, आवाज अडवणारेच बोळे हवेत. सराव तासाभराचा करा. आणि पुढच्या वर्षी एखादा नवा पोरगा कानात शिट्टी वाजते म्हणाला, तर त्याला 'होईल सवय' म्हणू नका. त्याला त्या दिवशी घरी पाठवा.