खोटा गौरव नको

३ ऑगस्ट २०२४ चा शनिवार ब्रिस्टलमधील आपली कुटुंबे सहजी विसरणार नाहीत. रेडक्लिफ भागातील ज्या हॉटेलात आश्रयार्थी राहत होते, त्यावर त्या सायंकाळी जमाव चालून गेला आणि शहरातील साधी माणसे हातांची साखळी करून दारात उभी राहिली. या क्षोभाला एका खोट्या बातमीने पेटविले होते. २९ जुलैला साउथपोर्ट येथे तीन लहान मुलींची हत्या झाली. काही तासांतच मारेकऱ्याचे एक कल्पित नाव आणि तो आदल्या वर्षी होडीतून या देशात उतरल्याची कथा घरोघरच्या मोबाइलवर पोहोचली. तो जन्मला होता सेव्हर्नपलीकडच्या कार्डिफमध्ये, आणि पोलिसांनी तसे सांगितलेही होते. पण ऐकतो कोण? त्या आठवड्यात आम्ही मुलांना एकटे बाहेर पाठवीत नव्हतो.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, आठवडे बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. ते मुले पळविणारे आहेत, एवढी अफवा पुरली. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या भटक्या जमातीची माणसे ती. अफवेचा घाव अशांवरच आधी पडतो, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको.

परंतु आम्हाला येथे जे मांडावयाचे आहे, ते परक्यांच्या खोटेपणाविषयी नाही. ते आपल्याच घरातील आहे, आणि त्यामुळे काहींचा रोष ओढवेल याची आम्हाला जाणीव आहे.

मागे एका भीमजयंतीच्या वक्तृत्व स्पर्धेत आम्ही परीक्षक होतो. तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलीने परमपूज्य बाबासाहेबांवर सुरेख भाषण केले. बाबासाहेबांना ३२ पदव्या होत्या आणि कोलंबिया विद्यापीठाने त्यांना जगातील पहिल्या क्रमांकाचे विद्वान घोषित केले, असे ती म्हणाली. टाळ्यांचा कडकडाट झाला. घरातल्या मोबाइलवर आलेल्या संदेशावरून तिने ते घेतले होते. दोन्ही विधाने चुकीची आहेत, हे आम्हाला ठाऊक होते. आम्ही तिला पहिले बक्षीस दिले आणि गप्प बसलो. आनंदाच्या दिवशी विरजण कशाला, असा विचार केला. पुढे शाळेत इतिहासाच्या शिक्षिकेने तिला आधार विचारला. तो तिच्यापाशी नव्हता. ती आमच्याकडे आली. आम्ही खरे सांगताच म्हणाली, "मग डॉक्टरकाका, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

खरी नोंद अशी आहे. मुंबई विद्यापीठाची बी.ए.; कोलंबियाची एम.ए. १९१५ मध्ये व पीएच.डी. १९२७ मध्ये, लंडन विद्यापीठाची एम.एस्सी. १९२१ मध्ये व डी.एस्सी. १९२३ मध्ये, ग्रेज इनची बॅरिस्टरी, आणि दोन सन्माननीय पदव्या, १९५२ ची कोलंबियाची व १९५३ ची उस्मानियाची. कोलंबियाने २००४ साली आपल्या २५० व्या वर्धापनानिमित्त काळाच्या पुढे असलेल्या माजी विद्यार्थ्यांची यादी केली व तीत बाबासाहेबांचा समावेश केला, हे सत्य आहे. मात्र ती गुणानुक्रमाची यादी नव्हती. ज्या मुलाला शाळेत इतरांपासून दूर बसून शिकावे लागले, त्याने मिळविलेल्या या आठांत असे काय उणे आहे, की आपण त्यात पदरच्या चोवीस घालाव्यात?

विरोधकही बाबासाहेबांच्या तोंडी वाक्ये घालतात. ३७० व्या कलमावरून त्यांनी शेख अब्दुल्लांना खडसावल्याचा एक उतारा वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्याला त्यांच्या लेखनात वा भाषणांत आधार सापडत नाही. त्यांच्याकडे आपण पुरावा मागतो, मागावाच. पण ३२ पदव्यांचा संदेश पुढे ढकलणाऱ्याच्या मागणीला वजन कोठून येणार?

ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे, एवढ्यावर काही मानू नका, असे तथागतांनी केसपुत्त येथील कालामांना सांगितले. हा श्रमण आपला गुरू आहे म्हणूनही मानू नका, हेही सांगितले. हा भाग आपण सोयीस्करपणे विसरतो. वैद्यकात याची किंमत आम्ही पाहिली आहे. गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचविणारा लेख १९९८ साली 'लॅन्सेट'सारख्या प्रतिष्ठित नियतकालिकात आला. तो होता अवघ्या १२ बालकांविषयी, आणि मागे घेतला गेला २०१० मध्ये. त्याने पेरलेली शंका आया आजही विचारतात.

राहिला कायद्याचा प्रश्न. राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविण्याची मर्यादा आणली. २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. यंत्राच्या वेगाला घातलेली अशी वेसण आम्हाला मान्य आहे. या देशाचा २०२३ चा ऑनलाइन सुरक्षा कायदा, इजा व्हावी म्हणून जाणूनबुजून पाठविलेल्या असत्यास गुन्हा ठरवितो. भोळेपणाने संदेश पुढे पाठविणाऱ्या आपल्या मावशीला तो हात लावीत नाही, आणि लावू नये. मात्र खरे काय ते सरकारने ठरवावे, याला आमचा विरोध आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदविषयी फेसबुकवर चार ओळी आल्या म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. त्यांच्यावर लावलेले ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले. केंद्र सरकारला स्वतःविषयीच्या मजकुराचे तथ्य तपासणारे पथक नेमू देणारा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरविला. हे योग्यच झाले. ते कुलूप पहिल्यांदा आपल्याच लेखणीला लागले असते.

महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन व भाषणे खंडरूपाने प्रसिद्ध केली. वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. आज हे खंड संगणकावर विनामूल्य वाचता येतात. येत्या १४ एप्रिलच्या स्पर्धेसाठी आम्ही कार्यकारिणीकडे लेखी सूचना दिली आहे, की भाषणात बाबासाहेबांचे वाक्य आले तर स्पर्धकाने खंड व पृष्ठ सांगावे, आणि प्रमुख पाहुण्यांसही हा नियम लागू असावा. त्या मुलीला यंदा स्पर्धेत उतरावयाचे नाही. तिला आधार तपासणाऱ्यांत बसावयाचे आहे, आणि तिची पहिली अट अशी, की आमचे प्रास्ताविक आठ दिवस आधी तिच्या हाती द्यावे.