परागकणांची नोंद पोशीरच्या हवेतही व्हावी

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, रायगड, अलिबाग

विषय : कर्जत व खालापूर तालुक्यांसाठी परागकणांचे ऋतुनिहाय वेळापत्रक तयार करण्याबाबत

महोदय,

भाद्रपद-आश्विनात पाऊस ओसरू लागला की पोशीर, कळंब, नेरळपासून खालापूरपर्यंत माळावरचे आणि बांधावरचे गवत फुलोऱ्यावर येते. गवताचे पराग कोरडे आणि हलके असल्याने वाऱ्यावर दूर जातात. पाठोपाठ भाताची कापणी-झोडणी येते आणि दमट पेंढ्यावरच्या बुरशीचे बीजाणू धुरळ्यासोबत नाकातोंडात जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये वावळा फुलतो, नंतर राब भाजण्याचा धूर असतो. शिंका, डोळ्यांची खाज, रात्रीची धाप ही लक्षणे प्रत्येक वेळी सारखीच दिसतात, कारणे मात्र निरनिराळी. केसपेपरवर नुसते ‘सर्दी-खोकला’ लिहिले की हा फरक कायमचा पुसला जातो. मग दोष आंब्याच्या मोहराला नाहीतर सातवणीच्या उग्र वासाला दिला जातो. वास्तविक आंब्याचे पराग चिकट असून ते मुख्यतः माश्या व इतर कीटक वाहून नेतात. नोंदीअभावी निर्दोष झाडावर कुऱ्हाड पडावी आणि बांधावरचे गाजर गवत तसेच राहावे, हे आम्हाला मान्य नाही.

हा शहरांचा आजार आहे, गावची हवा शुद्धच असते, असे कोणी म्हणेल. पण हवा गुणवत्ता निर्देशांकात मोजली जाणारी आठ प्रदूषके म्हणजे धूळ, वायू आणि शिसे. परागकण त्यांत नाहीत. निर्देशांक ‘चांगला’ असतानाही दम्याच्या रुग्णाला धाप लागू शकते ती यामुळेच. मेलबर्नमध्ये २१ नोव्हेंबर २०१६ रोजी वादळासोबत गवताचे पराग शहरावर आले, हजारोंना दम्याचा त्रास झाला आणि १० जण दगावले. ते पराग मुख्यतः शहराबाहेरच्या गवताळ रानांतले होते. फुलोरा थांबवता येत नाही, मग मोजून काय साधणार, हा दुसरा आक्षेप. काळ आधी कळला तर औषध वेळेत सुरू करता येते, आरोग्य केंद्रात इन्हेलरचा साठा ठेवता येतो आणि गाजर गवत फुलण्याआधी उपटता येते. चंडीगडच्या संशोधकांनी त्यांच्या शहराचे असे वेळापत्रक केले आहे. मात्र तिथला ऋतुक्रम आणि झाडोरा वेगळा, म्हणून ते इथे चालणार नाही.

खर्चाची अडचणही मोठी नाही. ग्लिसरीन जेली लावलेली काचपट्टी चोवीस तास उघड्यावर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पराग मोजता येतात. कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राने आणि तालुक्यातील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनी निदान दोन वर्षे ही नोंद ठेवावी, असे आपण त्यांना कळवावे. प्राथमिक आरोग्य केंद्रे व कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात दमा आणि ॲलर्जीच्या रुग्णांची तारीखवार वेगळी नोंद सुरू करावी. दोन्ही नोंदी ताडून तयार झालेले वेळापत्रक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावे. गवताचा पुढचा फुलोरा येण्याआधी, म्हणजे ऑगस्टअखेरपर्यंत, पहिली काचपट्टी लागेल असे आदेश द्यावेत, ही विनंती.

आपले नम्र,
ग्रामस्थ, पोशीर, ता. कर्जत, जि. रायगड